शिधापत्रिका, निराधार अनुदान आणि 'फुकट खाणारे': समज, गैरसमज आणि नियम

भीमथडी (धागालेखक)

आमच्या गृहसंस्थेच्या व्हॉट्सॲप गटावर गेल्या आठवड्यात एक छायाचित्र फिरले. रेशन दुकानासमोर चारचाकी उभी आहे, डिकीत दोन गोण्या आहेत आणि खाली ओळ आहे, 'आपण कर भरतो तो यांच्यासाठी.' वीस-पंचवीस जणांनी त्यावर अंगठे उमटवले. गाडी कोणाची, गोण्या कशाच्या, हे विचारण्याच्या फंदात कोणी पडले नाही. मी तहसील कार्यालयात अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालो. त्यातली सहा वर्षे संजय गांधी निराधार अनुदान शाखेच्या टेबलावर काढली आणि त्याआधी काही काळ पुरवठा शाखेतही होतो. त्यामुळे मला राहवले नाही. गटावर लिहिले असते तर वाद झाला असता, म्हणून इथे सविस्तर लिहीत आहे.

पहिला घोळ कार्डाच्या रंगाचा आहे. राज्याने १९९९ मध्ये तिरंगी शिधापत्रिका आणल्या तेव्हा रंगावरून हक्क ठरत असे. वार्षिक उत्पन्न १५,००० रुपयांपर्यंत असेल तर पिवळी, त्यापुढे एक लाखापर्यंत केशरी आणि त्याहून अधिक असेल तर शुभ्र, अशी ती वाटणी होती. २०१३ चा राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा आल्यावर मात्र अंत्योदय आणि प्राधान्य कुटुंब हे दोनच गट उरले. केशरी कार्डधारकांपैकी ज्यांचे उत्पन्न ग्रामीण भागात ४४,००० आणि शहरात ५९,००० रुपयांच्या आत होते त्यांना प्राधान्य गटाचा शिक्का मिळाला, बाकीचे केशरीवाले बाहेर राहिले. म्हणजे एकाच चाळीत शेजारीशेजारी राहणाऱ्या दोन घरांत एकाच रंगाची कार्डे असतात, एकाला धान्य मिळते आणि दुसऱ्याला मिळत नाही. ज्याला मिळत नाही तो दुकानदाराला चोर म्हणतो. दुकानदार सारेच सज्जन असतात असे मी म्हणणार नाही, पण या बाबतीत बिचाऱ्याचा दोष नसतो.

दुसरा गैरसमज असा की 'गोण्या भरभरून' मिळतात. प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला घरटी ३५ किलो, एवढेच माप आहे. अंत्योदयात माणसे मोजत नाहीत, त्यामुळे आठ जणांच्या अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो मिळतात आणि तेवढ्याच माणसांच्या प्राधान्य कुटुंबाला ४०. गरिबातल्या गरिबासाठी काढलेल्या कार्डावर धान्य कमी पडते, ही विसंगती मी अनेकांना समजावून सांगितली आहे आणि प्रत्येक वेळी समोरच्याला वाटले की माझेच काहीतरी चुकते आहे. पूर्वी तांदूळ ३ रुपये आणि गहू २ रुपये किलो होता. जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत झाले आणि १ जानेवारी २०२४ पासून पुढील पाच वर्षे ते तसेच राहील असे केंद्राने जाहीर केले.

तिसरी गोष्ट इष्टांकाची, म्हणजे लाभार्थ्यांच्या ठरवून दिलेल्या कमाल संख्येची, आणि तिच्याविषयी शहरात कोणी बोलत नाही. महाराष्ट्रात या कायद्याखाली जास्तीत जास्त ७ कोटी १६ हजार लोकांना धान्य देता येते. हा आकडा २०११ च्या जनगणनेवर बेतलेला आहे आणि त्यानंतर जनगणनाच झालेली नाही. तालुक्याचा इष्टांक भरलेला असला की नवे नाव चढत नाही. घरात सून आली, नातू झाला, उत्पन्न मर्यादेत आहे, कागद चोख आहेत, तरी तलाठ्यापासून पुरवठा निरीक्षकापर्यंत सगळे सांगतात की जागा होईल तेव्हा बघू. जागा कशी होते, तर कोणीतरी वारले किंवा कोणाचे नाव कमी झाले की होते. आमच्याकडे बायका येऊन 'बारा अंकी नंबर पडला का' असे विचारत, म्हणजे शिधापत्रिकेची ऑनलाइन नोंद होऊन तिचा क्रमांक आला का. कार्ड हातात असे, पण ऑनलाइन नंबर पडेपर्यंत ते नुसते पुठ्ठ्याचे असे.

चौथी बाब निराधारांची. संजय गांधी निराधार अनुदान योजना १९८० पासून आहे. विधवा, परित्यक्ता, दिव्यांग, अनाथ मुले, क्षय किंवा कर्करोगासारख्या आजाराने हातपाय गळालेले असे ६५ वर्षांखालील लोक तिच्यात येतात, तर ६५ पासून पुढच्या वृद्धांसाठी श्रावणबाळ योजना आहे. अनुदान ६०० रुपये होते, २०१९ मध्ये ते १,००० झाले आणि २०२३ मध्ये १,५००. केंद्राच्या वृद्धापकाळ निवृत्तिवेतनाचा वाटा मात्र ऐंशीच्या आतल्या वृद्धासाठी अजूनही महिना २०० रुपयेच आहे आणि गेली दीड दशके तो हललेला नाही.

आता पात्रता पाहा. दारिद्र्यरेषेखालील यादीत नाव हवे, किंवा कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत हवे. वार्षिक २१,००० म्हणजे महिन्याला १,७५० आणि दिवसाला साधारण ५७ रुपये. दिव्यांगांसाठी ही मर्यादा ५०,००० आहे. अनुदान ६०० रुपये होते तेव्हाही मर्यादा २१,००० होती आणि १,५०० झाल्यावरही तीच राहिली. रोजगार हमीची आपल्या राज्यातली मजुरी २०२५-२६ साठी दिवसाला ३१२ रुपये ठरली. या दराने ६८ दिवस माती उपसली की बाई २१,००० ची रेघ ओलांडते. सरकारच्याच कामावर सरकारी दराने दोन-सव्वादोन महिने राबलेली विधवा सरकारच्याच दुसऱ्या कागदावर 'निराधार' राहत नाही. ज्यांना लाभार्थी मजेत आहेत असे वाटते त्यांनी हा गुणाकार एकदा स्वतः करून पाहावा.

सरळमार्गी

भीमथडीसाहेब, आपला लेख माहितीपूर्ण आहे, पण तो एकाच बाजूचा आहे असे मला नम्रपणे म्हणावेसे वाटते. मी खासगी नोकरीत आहे, माझा प्राप्तिकर पगारातूनच कापला जातो आणि मला त्याबद्दल तक्रारही नाही. तक्रार आहे ती बनवाबनवीबद्दल. माझ्या मूळ गावी दुमजली घर, दारात ट्रॅक्टर आणि मुलगा सौदीला असलेल्या गृहस्थांकडे पिवळे कार्ड आहे, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. लाडकी बहीण योजनेत चौदा हजारांहून अधिक पुरुषांच्या खात्यांत पैसे गेल्याचे २०२५ च्या जुलैत उघड झाले, शिवाय शासकीय नोकरीतल्या महिलांनीही लाभ घेतल्याचे समोर आले. हे गैरसमज कसे म्हणायचे? आणि दुसरे असे की फुकट मिळू लागले की माणूस कामाला जात नाही. आमच्या गावी भाताच्या लावणीला माणसे मिळत नाहीत, हे कोणीही सांगेल. देशातले मूठभर लोक प्राप्तिकर भरतात आणि बाकीचे त्यावर जगतात, हे चित्र फार काळ टिकणारे नाही.

अबोली

सरळमार्गी, बनवाबनवी होते हे मान्यच आहे आणि ती करणाऱ्यांकडून वसुली व्हावी यातही दुमत नसावे. मात्र 'मूठभर लोक कर भरतात' हे विधान हिशेबाने चुकीचे आहे. केंद्राच्या २०२५-२६ च्या अंदाजपत्रकात येणाऱ्या रुपयातले २२ पैसे प्राप्तिकराचे आहेत आणि १८ पैसे वस्तू व सेवा कराचे. हा दुसरा कर माझी भांडीवाली मोबाइलमध्ये रिचार्ज टाकते तेव्हा १८ टक्क्यांनी भरते, चहापत्ती आणि गोडेतेल घेते तेव्हा ५ टक्क्यांनी भरते. तिला त्याची पावती मिळत नाही आणि विवरणपत्रही भरावे लागत नाही, एवढाच तिच्या-माझ्यातला फरक. त्याच अंदाजपत्रकात जाणाऱ्या रुपयातले २० पैसे व्याजावर खर्ची पडतात, आणि अन्न, खते व गॅस अशी मुख्य अनुदाने सगळी मिळून ६ पैसे होतात. मी स्वतः गृहकर्जाच्या व्याजावर अनेक वर्षे दोन लाखांपर्यंतची वजावट घेतली. तिला सवलत म्हणतात, अनुदान म्हणत नाहीत. शब्द निराळा असला तरी तिजोरीला दोन्ही सारखेच लागतात.

मी बँकेत काउंटरवर काम करते, म्हणून एक व्यावहारिक गैरसमज सांगते. त्यापायी आमच्याकडे दर महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात म्हाताऱ्या माणसांची रांग लागते. 'माझी पगार बंद झाली,' असे त्या सांगतात. निराधार अनुदानाला आमच्या भागात पगारच म्हणतात. त्यातल्या बऱ्याच जणींची पगार बंद झालेली नसते, ती दुसऱ्याच खात्यात पडत असते. आधार क्रमांकावरून पैसे पाठवले की ते अर्जावर लिहिलेल्या खात्यात जातीलच असे नाही, ज्या खात्याला आधार सर्वांत शेवटी जोडलेला असेल त्या खात्यात ते जातात. आता आजीबाईंच्या नातवाने कधीतरी मोबाइलच्या दुकानात सिमकार्ड घेताना त्यांचा अंगठा लावलेला असतो आणि तिथे त्यांच्या नावाने एक खाते उघडलेले असते. ते त्यांना ठाऊकही नसते.

परवाच एक आजी आल्या होत्या. पासबुकात सहा महिन्यांत एकही नोंद नव्हती आणि त्या मला सांगत होत्या की साहेबांनी नाव कापले, कारण मी सभेला गेले नाही. मी आधार कोणत्या बँकेशी जोडलेला आहे ते पाहिले, तर ते भलतीकडेच. सहा महिन्यांचे नऊ हजार रुपये तिथे पडून होते. त्यांना आनंद व्हायला हवा होता, पण त्या आधी घाबरल्या. 'एवढे माझ्या नावावर कुणी टाकले? परत मागायला येतील का?' असे त्यांनी दोनदा विचारले.

वर्धाकाठ

मला एका निराळ्याच गैरसमजाबद्दल लिहायचे आहे. तो शहरातल्या करदात्यांचा नाही, खुद्द लाभार्थ्यांचा आहे. आमच्याकडे रेशनचा तांदूळ प्लॅस्टिकचा येतो असे घरोघरी मानले जाते. पाण्यात घातला की काही दाणे वर तरंगतात, रंगाने पिवळसर असतात आणि शिजल्यावर निराळे लागतात, हा त्याचा पुरावा. माझी आईसुद्धा सुपात तांदूळ घेऊन ते दाणे एकेक करून निवडून टाकत असे. वास्तविक ते पोषणयुक्त दाणे असतात. तांदळाच्या पिठात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ जीवनसत्त्व मिसळून यंत्राने पुन्हा दाण्याचा आकार देत आणि साध्या तांदळात शंभराला एक या प्रमाणात ते मिसळत. याची घोषणा २०२१ च्या स्वातंत्र्यदिनी झाली आणि मार्च २०२४ पर्यंत सगळ्या रेशनला हाच तांदूळ देण्याचे ठरले होते. शंभरातला जो एक दाणा पौष्टिक म्हणून घातला तोच निवडून कोंबड्यांना टाकायचा, असे वर्षभर चालले होते. मी आईला समजावले तेव्हा ती म्हणाली, 'मग पोत्यावर लिहायले काय झालं?' पोत्यावर लिहिलेले असतेही, पण पोते दुकानात राहते आणि घरी येते ती आमची पिशवी.

दुसरे असे की धागालेखकांनी केशरी कार्डाचे जे सांगितले त्याला विदर्भ-मराठवाड्यात एक पुरवणी आहे. शेतकरी आत्महत्यांच्या चौदा जिल्ह्यांतल्या केशरी कार्डाच्या शेतकऱ्यांना आधी स्वस्त धान्य मिळत असे, २०२३ पासून त्याऐवजी माणशी महिना १५० रुपये खात्यात देण्याचे ठरले. त्यामुळे आमच्याकडे धान्य बंद झाले असे म्हणणारा आणि पैसे चालू झाले असे म्हणणारा, दोघेही खरे बोलत असतात.

कांदेपाट

मजूर मिळत नाहीत या मुद्द्यावर मी अधिकाराने बोलू शकतो, कारण मी कांदा करतो आणि एप्रिलमध्ये काढणीसाठी टोळीच्या मुकादमाच्या दारात मीच उभा असतो. मलाही पूर्वी असेच वाटायचे की लाडक्या बहिणींनी आमची पंचाईत केली. मग एकदा मुकादमाच्या बायकोशी सविस्तर बोललो. तिच्या टोळीत अकरा बायका आहेत आणि त्यातल्या नऊ जणींना त्या योजनेचे महिना १,५०० रुपये मिळतात. टोळी उक्ते काम घेते, एकरावर दर ठरतो आणि बरा दिवस असेल तर बाईला साडेचारशे-पाचशे रुपये सुटतात. म्हणजे १,५०० रुपये ही तिची तीन-चार दिवसांची कमाई झाली. महिन्याच्या बाकीच्या दिवसांचे काय? घरी बसून चालणार आहे का?

फरक पडला आहे तो निराळ्याच ठिकाणी. पूर्वी या बायका माझ्याकडून पावसाळ्यात उचल घेत आणि ती फेडण्यासाठी उन्हाळ्यात मी म्हणेन त्या दराने येत. आता उचल मागायला कोणी येत नाही. मुलाच्या शाळेचे, दवाखान्याचे किरकोळ पैसे त्या खात्यातून भागवतात आणि काढणीच्या वेळी दर ठरवून घेतात. मजूर मिळत नाहीत याचा अर्थ माझ्या शेतावर तरी असा निघाला की जुन्या दराने मिळत नाहीत. मला हे महागात पडते, कांद्याचा भाव कोसळतो तेव्हा तर फारच पडते, आणि त्याचा राग मला येतोही. पण तो राग आळशीपणाच्या नावाने त्यांच्यावर काढणे बरोबर नाही, एवढे मला कळते.

ओसरी

कांदेपाट यांच्या अनुभवाला अभ्यासाचा आधार आहे. अभिजित बॅनर्जी (ज्यांना २०१९ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले, आणि ज्यांच्या आई निर्मला या माहेरच्या पाटणकर, हे आपल्याकडे अभिमानाने सांगितले जाते) यांनी सहकाऱ्यांसह सहा विकसनशील देशांतल्या सात रोख-मदत योजनांच्या चाचण्या एकत्र तपासल्या. मदत मिळू लागल्यावर लोक काम कमी करतात असा पद्धतशीर पुरावा त्यांना कुठेही सापडला नाही. ते देश म्हणजे मेक्सिको, इंडोनेशिया, फिलिपीन्स, मोरोक्को, होंडुरास आणि निकाराग्वा. आपला देश त्यात नाही, हे सांगितले पाहिजे.

बोगस लाभार्थ्यांबद्दलही एक गोष्ट विचारात घ्यावी. झारखंडच्या दहा जिल्ह्यांत २०१६ ते २०१८ या काळात बोगस म्हणून रद्द झालेल्या शिधापत्रिकांचा मुरलीधरन, नीहाउस आणि सुखटणकर या संशोधकांनी मागोवा घेतला, तेव्हा त्यातली सुमारे ९० टक्के कार्डे खऱ्याखुऱ्या कुटुंबांची निघाली. त्यातल्या बऱ्याच कार्डांना आधार जोडलेला नव्हता, एवढाच त्यांचा बोगसपणा. म्हणून 'इतके लाख बोगस लाभार्थी वगळले' अशी बातमी वाचली की मी आधी हे पाहते की ते अपात्र ठरले की त्यांची केवायसी राहिली. वर्तमानपत्रात दोन्हींना एकच शब्द वापरतात.

आपल्याकडचे उदाहरण द्यायचे तर लाडकी बहीण योजनेतून वगळलेल्यांमध्ये संजय गांधी योजनेच्या सव्वादोन लाखांहून अधिक महिला होत्या. ज्या बाईला दुसऱ्या शासकीय योजनेतून १,५०० रुपये मिळतात ती नियमानुसार इथे अपात्र ठरते, त्यामुळे वगळणे योग्यच होते. पण त्यांना लबाड कसे म्हणावे? त्यांच्या वतीने अर्ज भरणाऱ्यानेच तो नियम वाचला नव्हता.

सरळमार्गी

ओसरीताई, कांदेपाट, आपल्या मुद्द्यांवर मी विचार केला. मजुरीचा मुद्दा मी मागे घेतो. आमच्या लावणीचा दर गेल्या काही वर्षांत किती वाढला हे मी काल फोन करून विचारले, आणि दर परवडत नाही म्हणूनच माझ्या चुलत्यांनी माणसे बोलावली नव्हती, असे समजले.

मात्र धागालेखकांना एक थेट प्रश्न विचारतो आणि त्यांनी राग मानू नये. आपण स्वतःच म्हणता की २१,००० रुपयांत वर्षभर कोणीही जगू शकत नाही. तरीही आपल्या टेबलावर सहा वर्षे २१,००० च्या आतले दाखले येत होते आणि आपण ते पुढे पाठवत होता. याचा अर्थ ते दाखले खोटे होते आणि आपल्याला ते माहीत होते. मग बनवाबनवी होत नाही असे आपण कोणत्या तोंडाने सांगता?

भीमथडी (धागालेखक)

राग मानण्याचे कारण नाही. या धाग्यावर कोणीतरी हे विचारावे अशी माझी इच्छाच होती.

बनवाबनवी होत नाही असे मी कुठेही लिहिलेले नाही. तलाठ्याचा अहवाल आणि त्यावरून तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, अशी ती वाट असते. माझ्या टेबलावर येणाऱ्या दाखल्यांवर १९,०००, २०,०००, २०,५०० आणि सर्वांत जास्त वेळा थेट २१,००० असेच आकडे असत. उत्पन्न न मोजता मर्यादा बघून आकडा टाकलेला आहे, हे शेंबड्या पोरालाही कळले असते. बाई समोर उभी असे. नवरा गेलेला, पदरी दोन मुले, दुसऱ्याच्या शेतावर निंदणी-खुरपणी करून पोट भरणारी. कागद खोटा होता आणि बाई खरी होती. मी कागदावर टाचणी मारून प्रकरण समितीपुढे ठेवत असे आणि समितीही ते मंजूर करत असे. आपल्या गावातल्या त्या ट्रॅक्टरवाल्याचा दाखलाही अशाच हाताने, अशाच शाईने लिहिलेला असणार, हे मी नाकारत नाही. मर्यादा इतकी खाली ठेवली की दोघांनाही खोटेच लिहावे लागते, आणि मग टेबलावरच्या कारकुनाला दोघांत फरक करण्याचे साधनच उरत नाही.

सहा वर्षांत उत्पन्नाच्या कारणावरून मी एकच प्रकरण परत केले. त्या बाईंच्या गावी तलाठी नवीन आला होता आणि त्याने त्यांना विचारले होते की वर्षाला किती मिळतात. बाईंनी बोटांवर हिशेब करून सांगितले आणि त्याने ते तसेच लिहिले. दाखल्यावर २४,००० होते. मी त्रुटीचे पत्र जोडून अर्ज परत दिला आणि दाखला बदलून आणा असे सुचवूनही पाहिले. त्या म्हणाल्या, 'पण तेवढेच मिळतात हो साहेब.' कागद पदराखाली धरून त्या पायऱ्या उतरून गेल्या आणि पुन्हा कधी आल्या नाहीत.